पहिले चार झुरके

नळी गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी
चार झुरके आपण ओढायचे,
असा आमच्याकडे नियम.
तंबाखू तापते, धूर दाट होतो,
पहिला कडवटपणा आपल्या घशात राहतो
आणि दिल्लीच्या पोरांना थेट सफरचंद मिळतं.
रात्रीला तीस टेबलं. शनिवारी पंचेचाळीस.
हिशेब तुम्ही करा, डॉक्टर,
मी त्यात कच्चा
म्हणून तर निखाऱ्यांवर लागलो.

फॉर्मवर होतं, धूम्रपान करता का?
मी लिहिलं, नाही.
खोटं नव्हतं ते.
ओढणं म्हणजे पाय पसरून, गादीवर रेलून, पैसे देऊन.
मी नोकरी करत होतो.

वागातोरच्या कड्याखाली, जिथं आमचा शॅक,
तिथंच माझा बाप शिनाणे काढायचा.
दातांत सुरी, कमरेला जाळी,
ओहोटीला खडकाच्या पोटाशी बुडी.
मी वर बसून आकडे मोजायचो.
शंभर झाले की रडू फुटायचं.
एकशेवीसच्या आसपास डोकं वर यायचं त्याचं,
आणि तो असा श्वास घ्यायचा
की शापोऱ्याच्या किल्ल्यावरचं गवत इकडे वाकेल.
पाण्याला फसवता येत नाही, म्हणायचा,
ते श्वास मोजून घेतं.

मी फसवत नव्हतो. मी पाण्यावर विश्वास ठेवला.
काचेच्या भांड्यात रोज ताजं,
वर बर्फाचे खडे, कधी गुलाबाची पाकळी.
पाण्यातून येतो, धुतलेला असतो,
हे रशियन बायांना मी खुणांनी सांगायचो
हातावर हात चोळून.
त्या हसायच्या.
धूर नुसता गार व्हायचा.
गार धूर टोचत नाही, म्हणून खोल जातो,
हे मला कळलं आज, साडेअकरा वाजता,
बांबोळीला, तुमच्या टेबलासमोर.

निखाऱ्यांचं तर कुणी बोललंच नव्हतं.
मागची खोली, पत्र्याची, खिडकी नाही.
कोळसा लाल होईपर्यंत शेगडीपाशी उभं राहायचं.
डोकं ठणकायचं, सगळ्यांचंच, आम्ही उन्हाला शिव्या घालायचो.
शिवोलीचा रोकी एकदा ट्रे घेऊन दारातच बसला,
मग आडवा झाला.
पात्रांव म्हणाला, जेवला नसेल.
वाऱ्यावर नेला, ओकला, उठला,
आणि सात नंबरचे निखारे बदलायला गेला.
त्या वायूला वास नसतो, म्हणालात तुम्ही.
होता ना, डॉक्टर.
सफरचंदाचा. तिथं सगळ्यालाच सफरचंदाचा होता.

एक मुलगी आठवते, पुण्याची,
वाढदिवस होता, कागदी मुकुट घातलेला.
सिगरेट नाही हं ओढत मी, म्हणाली,
अगदी आईला सांगावं तसं.
तासभर एकच नळी सहा जणांत फिरली,
त्यातला एक सारखा खोकत होता.
मी टोक पुसून दिलं.
शर्टाला.

मशीनवरच्या बाईंच्या केसांत अबोलीची फाती होती.
फुंका, म्हणाल्या, अजून, अजून, सोडू नका, अजून.
पडद्यावर रेघ जरा चढली
आणि तिथंच बसली, रोकीसारखी.
वय चौतीस, तुम्ही वाचलंत.
फुप्फुस साठीच्या पुढचं.

बाप सासष्टचा. बाहेर बाकावर आहे.
स्कूटर त्यानंच चालवली, मी मागे बसलो.

एक्स-रे वरच्या मजल्यावर.
तो पुढे गेला, वळणावर थांबला.
मी सातव्या पायरीवर कठडा धरून उभा.
त्यानं काही विचारलं नाही,
माझ्याकडे बघत राहिला.
ओठ हलत होते त्याचे.
अजून शंभर झाले नसावेत.